पिशवीच्या ऑपरेशननंतर पोटाचा पट्टा: बांधायचा कधी, सोडायचा कधी

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. वय ४७, नोकरी ठाण्याला. गाठींमुळे गर्भाशय काढलं, पोटावर खाली आडवा छेद आहे, ऑपरेशनला १२ दिवस झाले आणि वरचे टाके परवाच निघाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बरं वाटत असेल तर पट्टा लावा." सासूबाई म्हणतात, रात्रंदिवस करकचून बांध आणि तीन महिने सोडू नकोस, नाहीतर पोट सुटेल. जाऊबाईंचं दुर्बिणीतून झालं होतं, त्यांना पट्टा सांगितलाच नव्हता. मेडिकलमधून आणलेला पट्टा खाली बसलं की गुंडाळत बरगड्यांपर्यंत चढतो आणि टाक्यांपाशी काचतो. मिस्टरांनी ऑनलाइन एक 'स्लिमिंग बेल्ट' शोधून ठेवलाय. लावू की नको, किती दिवस, आणि पोट कमी होईल का?

मी ठाण्यात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका बाळंतपणानंतरच्या किंवा अशा ऑपरेशननंतरच्या असतात, त्यामुळे हा प्रश्न नवा नाही. तुमचं पोट मी पाहिलेलं नाही आणि तुमच्या ऑपरेशनचा कागदही वाचलेला नाही. म्हणून जे सर्वांना लागू पडतं ते ठामपणे सांगते, आणि जे तुमच्या सर्जननाच ठरवायचंय ते वेगळं काढून ठेवते.

'लावू की नको' याच्या आत खरा प्रश्न आहे तो पट्ट्याकडून काय हवंय हा. तुम्हाला हवाय आधार, म्हणजे उठता-बसताना पोट धरून ठेवणारं काहीतरी. सासूबाईंना हवीय हमी, पोट सुटणार नाही याची. मिस्टरांना (बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार) वाटतंय की आकार परत येईल. तिघांची कामं वेगळी आहेत. पट्टा यातलं पहिलं काम बऱ्यापैकी करतो, दुसऱ्याची हमी देऊ शकत नाही आणि तिसरं करतच नाही. डॉक्टर 'वाटलं तर' म्हणाले ते टाळाटाळ म्हणून नव्हे. पट्टा हा उपचाराचा भाग नाही, सोयीची वस्तू आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

आता पोटात नेमकं काय झालंय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आडव्या छेदात कातडी, तिच्याखालची चरबी आणि त्याखाली एक पांढरं, चिवट आवरण कापलं जातं. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. मग आतला पातळ पडदा उघडून गर्भाशयापर्यंत पोचतात. परत येताना थर शिवले जातात, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची शिवण असते त्या चिवट आवरणाची. पोटाला खरी ताकद त्याची. कातडीचे टाके आठ-दहा दिवसांत निघाले म्हणून आतलं आवरणही भरून आलं असं समजू नका. त्याला सहा आठवड्यांत साधारण निम्मी ताकद येते, उरलेली पुढच्या काही महिन्यांत, आणि पूर्वीइतकी शंभर टक्के कधीच नाही. वरून जखम छान दिसते, आत काम चालूच असतं. पाण्याची बादली उचलू नका असं सगळे कानीकपाळी ओरडतात ते यासाठी.

दुसरी शिवण तुम्हाला दिसत नाही म्हणून विसरली जाते. गर्भाशयाबरोबर त्याचं मुखही काढलं असेल, आणि बहुतेकदा काढतात, तर योनीचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं. ही शिवण पोटाच्या अगदी तळाशी आहे. पोटातला दाब खाली ढकलला गेला की तो हिच्यावर आणि तिच्याखालच्या स्नायूंवर येतो. खोकला, कुंथणं, वजन उचलणं यांचा ताण इथेच पोचतो, आणि चुकीच्या जागी आवळलेल्या पट्ट्याचाही.

दुधाची पिशवी मधोमध दाबून पाहा, दूध नाहीसं होत नाही, वर आणि खाली सरकतं. पोटाचंही तसंच आहे. पट्टा कमरेला करकचून बांधला की वर छातीत जळजळ होते, श्वास अपुरा पडतो आणि खाली ओटीपोटात जड वाटतं. "पट्टा लावला की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं," असं बायका मला सांगतात तेव्हा निम्म्या वेळा पट्टा चार बोटं वर बांधलेला असतो. नीट मापाचा आणि बेताने बांधलेला पट्टा पोटातला दाब फारसा वाढवत नाही, हेही लगेच सांगते, नाहीतर वाचून कोणी घाबरून टाकून देईल. अडचण पट्ट्याची नाही. 'करकचून' या शब्दाची आहे, आणि 'रात्रंदिवस'ची.

सासूबाईंचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. बाळंतिणीचं पोट जुन्या सुती लुगड्याने बांधायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती, सव्वा महिना. बाळंतपणात पोटाचे स्नायू ताणून सैल झालेले असतात, मधोमध फाकलेले असतात, त्यामुळे बांधलं की बाईला खरंच बरं वाटायचं. तुमच्या बाबतीत स्नायू नऊ महिने ताणलेले नाहीत, तिथे छेद आहे. आणि 'पिशवी काढली म्हणजे आत पोकळी झाली, ती बांधून बुजवावी लागते' ही जी समजूत आहे ती मात्र सोडून द्या. आतडी हलती असतात. गर्भाशयाची जागा ती लगेच घेतात. बुजवायला काही उरत नाही.

घरात वाद नको असेल तर सासूबाईंना एवढंच सांगा की बांधतेय, पण फिजिओवाल्या बाईने सांगितलंय तसं, चालताना. माझ्यावर ढकला. आम्हाला सवय आहे.

जाऊबाईंना पट्टा का सांगितला नाही याचं उत्तर साधं आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटावर अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीन-चार भोकं असतात, आधार देण्याजोगी मोठी शिवण पोटावर नसते. त्यांना पहिले दोन दिवस खांदा दुखला असेल. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तसं होतं आणि पट्ट्याचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र तळाची शिवण त्यांच्याही पोटात होतीच. पोटावर काही दिसत नाही म्हणून दुर्बिणीच्या बायका तिसऱ्या आठवड्यात गाद्या उचलतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

योनीमार्गे ऑपरेशन झालेल्यांना, विशेषतः अंग बाहेर येत होतं म्हणून पिशवी काढून आतली दुरुस्ती केली असेल त्यांना, मी पट्टा मागितला तरी देत नाही. पोटावर जखमच नाही, आधार कशाला? आणि जिथे दुरुस्ती केलीय तिथेच वरून दाब टाकण्यात शहाणपण नाही. उलट, पोटावर उभा छेद असेल, अंगाने जाड असाल, आधीची एक-दोन सिझेरियन त्याच जागी झालेली असतील, किंवा दम्याचा-धुळीचा खोकला असेल तर पट्ट्याचा उपयोग जास्त. त्याच पोटात हर्नियाचीही दुरुस्ती करून जाळी बसवली असेल तर मी इथे लिहिलेलं बाजूला ठेवा आणि सर्जन सांगतील तितके दिवस, सांगतील तसा बांधा. जखमेतून पू किंवा पाणी येत असेल, शिवण कुठे उघडली असेल, तर दाखवल्याशिवाय वरून पट्टा नाही. श्वासाचा जुना आजार किंवा जोराची आम्लपित्ताची जळजळ असेल तरी आधी विचारा.

तुमचं चित्र त्यामानाने सरळ आहे: आडवा छेद, टाके निघाले, जखम कोरडी. तुमच्यासारख्या बाईला मी म्हणते, लावा, पण कामापुरता.

आता बांधण्याची रीत. मेडिकलवाला पट्टा देतो, रीत देत नाही, आणि उभं राहून पोट आत ओढून बांधायची सगळ्यांनाच सवय. तसं करू नका. पलंगावर पट्टा उघडून पसरा, त्यावर गुडघे वाकवून उताणं झोपा. खालची कड इतकी खाली हवी की मांड्यांच्या सांध्यापर्यंत येईल आणि छेद पट्ट्याच्या आत पूर्ण झाकला जाईल, कडेवर येणार नाही. तुमचा पट्टा टाक्यांपाशी काचतो त्याचं कारण बहुधा हेच: कड बरोबर छेदावर बसलीय. मग सावकाश श्वास सोडा आणि खालची पट्टी आधी लावा, मग मधली, शेवटी वरची. वरची सगळ्यात सैल. म्हणजे आधार खालून वर उचलल्यासारखा येतो. वरून खाली बांधत आलं की सगळं तळाकडे ढकललं जातं. वेल्क्रो लावल्यावर पट्ट्याच्या आत वर आणि खाली दोन्हीकडून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एक खोल श्वास घ्या, बरगड्या आडव्या फुलायला हव्यात. एक वाक्य न थांबता बोलून बघा. दम लागला तर पट्टा घट्ट आहे, बाकी काही मोजायची गरज नाही.

नंतर कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, कोपराच्या आणि हाताच्या जोरावर उठा. पट्टा असला तरीही. उताण्यावरून सरळ उठून बसणं पुढचे दोन-तीन महिने विसरा.

मापाबद्दल. बायका कमरेचं माप सांगतात, सलवारीचं. या पट्ट्याला ओटीपोटाचं माप लागतं: उभं राहून बेंबीच्या खाली, जिथे पट्टा खरंच बसणार आहे तिथलं, टेपने. तुमचं शरीर कमरेला बारीक आणि खाली रुंद असेल, तर सरळ नळकांड्यासारखा पट्टा बारीक जागा शोधत वर सरकणारच. त्यात पट्ट्याची उंची. आठ-नऊ इंचांचे पट्टे सर्रास मिळतात. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या बाईला नऊ इंची पट्टा बसल्यावर बरगडी आणि मांडी यांच्यामध्ये मावतच नाही, म्हणून तो गुंडाळतो. तुम्ही उंची लिहिली नाही, पण वर्णनावरून मला वाटतं की तुम्हाला कमी उंचीचा, वेगवेगळ्या पट्ट्यांचा हवा, ज्यात खालची पट्टी स्वतंत्र आवळता येते आणि वरची सैल सोडता येते. अखंड एका तुकड्याचा नको. दुकानात 'कमरेचा पट्टा' मागू नका, तो पाठदुखीचा असतो, मागे पत्र्याच्या पट्ट्या असतात. गरोदर बायकांचा पट्टाही वेगळा. बदलून देत असतील तर जुना न धुता परत न्या.

आणि तो स्लिमिंग बेल्ट? रबरासारख्या कापडाचा असतो, हवा अजिबात जात नाही, घाम काढणं हेच त्याचं काम. घाम म्हणजे चरबी नव्हे, आणि १२ दिवसांच्या छेदावर बंद, ओली, गरम हवा म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. परत करा.

आपल्याकडच्या हवेत कातडीचा प्रश्न पुस्तकात लिहिलाय त्याहून मोठा आहे. खाडीची दमट हवा, पोटाची घडी आणि वरून इलॅस्टिक. माझ्याकडे पट्ट्याच्या तक्रारी येतात त्यात दुखण्यापेक्षा खाज, घामोळं आणि घडीत उठलेला नायटाच जास्त. पट्टा उघड्या अंगावर कधीच नको. आत पातळ सुती बनियन किंवा शेमीज, सुरकुती न पडता ओढून घेतलेली. परकराची किंवा सलवारीची नाडी पट्ट्याच्या आत येऊ देऊ नका, तिची गाठ नेमकी छेदावर रुतते. घरी सरळ गाऊन घाला, बाहेर जाताना इलॅस्टिकची उंच कमरेची पँट. दोन-अडीच तासांनी पट्टा सोडून कातडी बघा. लाल वळ पंधरा-वीस मिनिटांत गेले तर ठीक, राहिले तर पट्टा घट्ट आहे किंवा कड चुकलीय. आंघोळीनंतर छेद आणि त्यावरची घडी स्वच्छ टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी करा, पंख्याखाली पाच मिनिटं पडून राहा, मगच बांधा. पावडर नको, ती घामात गोळा होऊन घडीत बसते. हळद, खोबरेल, कोणी सांगितलेलं लिंबाचं तेल, यातलं काहीही कोवळ्या जखमेवर नको. परवडत असेल तर पट्टे दोन घ्या. साध्या साबणाने हाताने धुवायचा, वेल्क्रो बंद करून, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. जुलैत तो दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर पट्टा बांधण्यापेक्षा न बांधणं बरं. अंडाशयंही काढली असतील तर गरम वाफा आल्यासारखं होतं आणि घाम फुटतो, त्या वेळी पट्टा अंगावर असह्य होतो. सोडा खुशाल. कोणताही टाका पट्टा सोडल्याने निघत नाही.

कधी बांधायचा? अंथरुणातून उठून चालायला लागताना, जिने चढता-उतरताना, रिक्षात किंवा गाडीत, सर्दी-खोकला असेल तेव्हा, आणि थोडा वेळ उभं राहून काम करताना. कधी नाही? झोपताना नाही, दुपारच्या आडवं होण्यातही नाही. जेवताना सैल करा किंवा काढा, पोट भरल्यावर त्याला जागा लागते. श्वासाचे व्यायाम करताना नाही. शौचाला जाताना तर नाहीच, कारण बांधलेल्या पोटाने कुंथलं की सगळा जोर खालीच जातो.

किती दिवस, याचं कॅलेंडर मी देत नाही, पण साधारण वाट सांगते. पहिले दोन-तीन आठवडे वर लिहिलं तसा. मग घरातल्या घरात सोडून बघा: आज सकाळी एक तास, उद्या दोन. पट्ट्याशिवाय चालताना पोटावर आपोआप हात जात नाही असं लक्षात आलं की घरातला पट्टा संपला. बाहेर जाताना, प्रवासात, आणखी दोन-तीन आठवडे. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत बहुतेक जणी तो कपाटात टाकतात. 'फार दिवस बांधला की स्नायू मेले' असं घाबरवून सांगतात ते मला अति वाटतं, सहा आठवड्यांत स्नायू मरत नाहीत. पण तीन महिने रात्रंदिवस पट्ट्यात राहिलेली बाई पोटाचे स्नायू वापरायचंच विसरते आणि पट्टा काढला की 'पोट लोंबतंय' म्हणून परत बांधते, हे मी बघते. मग सोडवायला जास्त वेळ जातो.

अभ्यासांचं म्हणाल तर पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पट्टा लावलेल्या रुग्णांना हालचालीची भीती कमी वाटते, काही अभ्यासांत ते लवकर आणि जास्त चालले. नीट बांधलेल्या पट्ट्याने श्वासाच्या क्षमतेवर वाईट परिणाम दिसलेला नाही. दुखणं कमी होतं का, यावर निष्कर्ष एकसारखे नाहीत. हर्निया टळतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. पट्टा बाईला उठवतो, आणि उठून चालणं हे खरं औषध आहे: पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, गॅस सरकतो, छातीत कफ साचत नाही. पट्टा बांधून दिवसभर पडून राहिलात तर तो वाया गेला.

आता ज्या गोष्टी पट्ट्यापेक्षा जास्त मोलाच्या आहेत, त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. शिंक किंवा ठसका येणार असं वाटलं की घडी घातलेला टॉवेल किंवा छोटी उशी छेदावर दोन्ही हातांनी दाबून धरा आणि थोडं पुढे वाका. आणीबाणीला पट्ट्यापेक्षा हे चांगलं, कारण दाब नेमका जिथे हवा तिथे आणि हवा तितका देता येतो. उशी हाताशी ठेवा, रिक्षातही न्या.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. दुखण्याच्या काही गोळ्या, कमी हालचाल, लोहाच्या गोळ्या, सगळं मिळून पोट घट्ट होतं. गाठींच्या रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर लोहाच्या गोळ्या तुम्हाला चालू असतीलच. पाणी, पपई, ताक, डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध न लाजता घ्या. कमोडवर बसून पायाखाली छोटा पाट ठेवा म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. तोंड मिटून जोर करण्याऐवजी तोंडाने हवा सोडत राहा.

वजनाचा हिशेब बायका चुकवतात कारण घरातल्या वस्तू त्यांना वजन वाटतच नाहीत. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही नको, आणि सुरुवातीला त्याहूनही कमी. २० लिटरची भरलेली बादली म्हणजे २० किलो. डाळ-भाताने भरलेला पाच लिटरचा कुकर, ओल्या चादरी, गव्हाचा डबा, नातवंड, सगळं यादीत. आमच्या ठाण्यात पाण्याच्या शटडाउनच्या दिवशी पाणी भरून ठेवायची घाई उडते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे 'पोटात ओढ बसली' म्हणून फोन येतात. पिंप भरायचंच असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी. पट्टा बांधलाय म्हणून उचललं, हे समर्थन चालत नाही. पट्टा तुमचं आवरण मजबूत करत नाही, फक्त तुम्हाला मजबूत वाटायला लावतो, आणि तोच त्याचा धोका.

व्यायाम आत्ता फार नकोत. उताणं, गुडघे वाकवून, श्वास सोडताना लघवी आणि गॅस दोन्ही रोखल्यासारखं खालचे स्नायू हलकेच वर उचला, तीन-चार आकडे धरा, पूर्ण सोडा. सोडणं हे धरण्याइतकंच करायचं. त्याच वेळी ओटीपोट किंचित आत जातं, तेवढंच पोटाच्या स्नायूंना पुरे. लघवीची नळी निघून लघवी नीट होत असेल तर हे सुरू करता येतं. दिवसातून तीन-चार वेळा, दुखेपर्यंत नाही. पावलं वर-खाली, आणि दर काही तासांनी घरात फेऱ्या. पोटाचे जोरकस व्यायाम, सूर्यनमस्कार, कपालभाती हे सगळं तपासणीनंतर, विचारून.

आणि पोट कमी होईल का? पट्ट्याने नाही. सध्या छेदाच्या वर जो फुगा दिसतो त्यात सूज बरीच आहे, संध्याकाळी वाढते, सकाळी कमी असते, काही आठवडे ते महिने असं चालतं. छेदाच्या आसपास बधिरपणा असतो, कारण बारीक नसा कापल्या जातात. तोही हळूहळू कमी होतो, थोडा राहूही शकतो. आडव्या छेदाखाली व्रण आत ओढला जाऊन वर घडी पडल्यासारखी दिसते, त्यासाठी सहा आठवड्यांनंतर, जखम पूर्ण भरल्यावर, व्रणाचा मसाज शिकून घ्या. बाकी, ऑपरेशनच्या आधीपासून जे पोट होतं ते आहार आणि चालण्यानेच कमी होईल.

थांबू नका अशा गोष्टी आता सलग लिहिते. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. छेद लाल, गरम, दुखरा होणं किंवा पू. जखमेतून अचानक गुलाबीसर पाणी बऱ्याच प्रमाणात येणं, हे विशेष, कारण आतली शिवण सुटल्याची ती खूण असू शकते. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव किंवा घाण वासाचा स्राव. पोट फुगून उलट्या आणि वारा न सरणं. लघवी अडणं किंवा योनीतून सतत पाण्यासारखं गळत राहणं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर तासभरही वाट बघू नका. पट्टा जास्त आवळून यातलं काहीही दबत नाही. हलकासा तपकिरी स्राव काही आठवडे येणं चालतं, आतले टाके विरघळत असतात.

तुम्ही ठाण्याला नोकरीला येता असं लिहिलंय. बसून काम असेल तर बऱ्याच जणी सहा आठवड्यांच्या आसपास रुजू होतात, काहींना आठ लागतात. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत मला काळजी चालण्याची नाही, धक्क्यांची आणि वर हात करून लटकण्याची आहे. पहिला आठवडा जमलं तर उशिराची वेळ मागून घ्या, पर्स पोटासमोर धरा, आणि प्रवासापुरता पट्टा बांधा, पोचल्यावर सोडा. कपड्यांच्या वरून बांधलात तर लेडीज डब्यात कोणीतरी उठून जागा देतं. हा पट्ट्याचा असा फायदा आहे जो कुठल्याही अभ्यासात नोंदलेला नाही.

पुढच्या तपासणीला पट्टा बरोबर घेऊन जा आणि बांधूनच दाखवा. तिथे विचारायचं ते हे: आतलं आवरण शिवताना काही अडचण आली होती का, पिशवीबरोबर अंगाची किंवा मूत्राशयाची काही दुरुस्ती केलीय का, अंडाशयं ठेवलीत की काढलीत, आणि वजन उचलायला व संबंधांना परवानगी केव्हा. संबंधांचा प्रश्न बायका गिळून टाकतात. तळाच्या शिवणीसाठी तो वजनाइतकाच महत्त्वाचा आहे, साधारण सहा ते आठ आठवडे आणि काहींना त्याहून जास्त थांबायला सांगतात. दुरुस्ती केलीय असं उत्तर आलं, तर पट्ट्याबद्दल मी वर तुमच्यासाठी दिलेला होकार मागे घ्या आणि तिथेच नव्याने विचारा.